जनावरांच्या खाद्यांतील जीवनसत्त्वें : गरज कोणास व किती ?

अलीकडे जनावरांच्या खाद्यांत जीवनसत्त्वें मिसळण्याचा प्रचार आपल्या भागांत फार वाढला आहे. संघाच्या भांडारांत पूर्वीं सरकीची पेंड, गव्हाचा कोंडा, कळणा व मीठ एवढेच जिन्नस असत. तेथें हल्लीं रंगीत चित्रांच्या बाटल्या, डबे व पुड्या यांनीं एक सबंध भिंत व्यापली आहे. गाय माजावर येत नाहीं, घ्या जीवनसत्त्व. दूध आटलें, घ्या जीवनसत्त्व. वासरूं वाढत नाहीं, कोंबडी अंडीं देत नाहीं, तरी घ्या जीवनसत्त्व, असा प्रकार चालला आहे. उलटपक्षीं, हें सर्व थोतांड आहे, आमच्या आजोबांच्या बैलांनीं कधीं पुडी खाल्ली नाहीं, असें म्हणणारेहि पुष्कळ भेटतात. आम्हांस हे दोन्ही पक्ष सारखेच चुकीचे वाटतात. जीवनसत्त्व हें अन्न आहे, आणि तें ज्याच्या गव्हाणींत कमी पडतें त्यासच वाढलें पाहिजे. कोणाच्या गव्हाणींत काय कमी आहे हें न पाहतां सर्वांस एकच बाटली पाजण्यांत शेतकऱ्याचा पैसा जातो, व क्वचित् जनावरहि जातें.

या द्रव्यांचा शोध मुळीं पाळीव प्राण्यांच्या खाद्यावरूनच लागला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रिस्तियान आइकमन हे डच वैद्य जावा बेटांत बटाव्हिया, म्हणजे आजचें जाकार्ता, येथें बेरीबेरीचा तपास करीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्यांस लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यांतील पांढऱ्या सडीक तांदळाचा भात घालीत असत. त्या लंगडूं लागल्या व मरूं लागल्या. पुढें स्वयंपाकी बदलला, आणि नव्या स्वयंपाक्यानें लष्करी तांदूळ मुलकी कोंबड्यांस देण्याचें साफ नाकारलें. तेव्हां त्यांस कोंड्यासकट तांदूळ मिळूं लागला व त्या बऱ्या झाल्या. (मुलकी खात्यांत उभा जन्म घालविलेल्या आम्हांस या स्वयंपाक्याविषयीं विशेष आदर वाटतो, दप्तराच्या नियमाचा जगास एवढा उपयोग क्वचितच झाला असेल.) आइकमन यांस १९२९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला, ‘व्हिटॅमिन’ हें नांव कॅसिमिर फंक यांनीं १९१२ सालीं दिलें.

आपल्या गोठ्याच्या दृष्टीनें याहून जवळचा प्रयोग अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथें १९०७ ते १९११ या काळांत झाला. सोळा कालवडी घेऊन त्यांचे चार गट केले. एकास मक्याचेच दाणे व मक्याचीच वैरण, दुसऱ्यास सर्व गव्हाचें, तिसऱ्यास सर्व ओटचें, चौथ्यास तिहींचें मिश्रण. रसायनशाळेच्या हिशेबानें चारी गटांच्या गव्हाणी सारख्याच भरलेल्या होत्या. परंतु मक्यावरील गाईंचीं वासरें धडधाकट निपजलीं, आणि गव्हावरील गाईंचीं वासरें मेलेलीं जन्मलीं किंवा जन्मल्यावर थोडक्यांतच मेलीं. हिशेबांत न दिसणारें असें कांहीं तरी गव्हाच्या काडांत कमी होतें. त्या प्रयोगांत काम केलेल्या मॅकॉलम यांनींच पुढें १९१३ सालीं अ जीवनसत्त्वाचा पत्ता लावला, व त्या उणिवेचा मोठा भाग याच द्रव्याचा होता असें उमगलें.

आतां आपल्या गाईम्हशींकडे वळूं. रवंथ करणाऱ्या जनावरास निसर्गानें एक असा कारखाना दिला आहे कीं जो आपणांस नाहीं व कोंबडीसहि नाहीं. त्यांच्या कोटीपोटांतील सूक्ष्म जंतू ब गटांतील जवळजवळ सर्व जीवनसत्त्वें व के जीवनसत्त्व स्वतःच तयार करतात. क जीवनसत्त्व गाईचें यकृत बनवितें. ड जीवनसत्त्व कातडीवर ऊन पडलें कीं तयार होतें, आणि ऊन ही वस्तु आपल्या देशांत अद्याप फुकट आहे. उरलीं दोन, अ व ई. तीं मात्र बाहेरूनच यावयास पाहिजेत, आणि त्या दोहोंचें भांडार म्हणजे हिरवी वैरण.

किती हिरवी वैरण पुरते, याचा हिशेब सोपा आहे व तो प्रत्येकानें एकदां करून पाहावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन मंडळानें २००१ सालीं दुभत्या गाईस दर किलो वजनास दररोज ११० एकक अ जीवनसत्त्व लागतें असें धरलें. चारशें किलोच्या गाईस म्हणजे ४४,००० एकक झाले. हिरव्या पाल्यांत तयार अ जीवनसत्त्व नसतें, कॅरोटीन नांवाचा पिवळा रंग असतो. गाईच्या पोटांत एक मिलिग्रॅम कॅरोटीनपासून सुमारें ४०० एकक होतात. तेव्हां गाईस ११० मिलिग्रॅम कॅरोटीन पाहिजे. चांगल्या कोवळ्या लसूणघासाच्या एका किलोंत तें तीस मिलिग्रॅम तरी असतें. म्हणजे चार किलो घासांत काम भागतें. नासधूस धरून पांच किलो म्हणा. ज्याच्या घरीं दररोज एवढा घास, हिरवा मका किंवा हत्तीगवत गव्हाणींत पडतें, त्यानें अ जीवनसत्त्वाची पुडी कशासाठीं घ्यावी, हें आम्हांस कोणीं समजावून सांगावें.

जातां जातां एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गाईचें तूप पिवळें व म्हशीचें पांढरें कां, असें मुलें विचारतात. गाय खाल्लेल्या कॅरोटीनपैकीं कांहीं भाग तसाच दुधांत सोडते. म्हैस त्या सगळ्याचें अ जीवनसत्त्व करून टाकते, व तें बिनरंगी असतें. म्हशीचें तूप पांढरें म्हणून त्यांत अ जीवनसत्त्व नाहीं, असें समजूं नये.

खरी उणीव कोठें पडते तें पाहूं. कडबा उन्हांत वाळतांना हिरवेपणा जातो, आणि हिरवेपणाबरोबर कॅरोटीनहि जातें; वैरणीचा रंग हें त्याचें ढोबळ माप आहे. मुरघासांत तें बरेंचसें टिकतें. फाल्गुनापासून मृगापर्यंत ज्या जनावरापुढें नुसता पिवळा कडबा व गव्हाचें काड पडतें, तें आपल्या यकृतांतील सांठ्यावर कांहीं महिने काढतें. सांठा सरला म्हणजे प्रथम संधिप्रकाशांत ठेंचाळूं लागतें, डोळ्यांतून पाणी गळतें, गाभ टिकत नाहीं, किंवा वासरूं आंधळें जन्मतें. दुष्काळांत हें विशेष होतें. २०१३ व २०१९ सालीं मराठवाड्यांत व सोलापूर, अहमदनगर, सातारा या बाजूंस चाराछावण्या उघडाव्या लागल्या होत्या. अशा वेळीं छावणींतील गाभण जनावरांस अ जीवनसत्त्वाची मात्रा देणें हा वायफळ खर्च नव्हे. त्या वेळीं बाटली पाजण्यास आमची कांहीं एक हरकत नाहीं, इतकेंच नव्हे तर छावणीच्या खर्चांत तिची रक्कम धरली जावी असा आमचा आग्रह आहे. फरक इतकाच कीं, जेथें खरी गरज असते तेथें बाटली घेण्यास पैसा नसतो, आणि जेथें बांधावर हिरवा घास डोलतो त्याच घरीं फडताळांत तीन-तीन बाटल्या असतात.

दुसरी उणीव वासराची, आणि ती आपण आपल्या हातांनीं करतों. गाभांतील वासरास आईकडून अ जीवनसत्त्व फारच थोडें पोंचतें. तें जन्मतें तें जवळजवळ रिकाम्या यकृतानें. ही तूट भरून काढण्याची सोय चिकांत केलेली आहे. चिकांत अ जीवनसत्त्व साध्या दुधाच्या कित्येक पट असतें. शिवाय रोगांशीं लढणारीं द्रव्येंहि त्यांतच असतात, व तीं वासराच्या आंतड्यांतून रक्तांत शिरण्याची वाट एका दिवसांतच बंद होत जाते. असें असतां आपल्याकडे वार पडेपर्यंत वासरास पिऊं द्यावयाचें नाहीं अशी समजूत अजून कित्येक घरीं चालूं आहे, आणि पहिल्या दिवसाचा चीक खरवसासाठीं चरवींत जातो. खरवस आम्हांसहि आवडतो. परंतु पंचवीस किलोच्या वासरास पहिल्या दिवसांत सुमारें अडीच लिटर चीक पाहिजे, व त्यांतील पहिला घोट दोन तासांच्या आंत. त्याचें पोट भरून जो उरेल त्याचा खरवस खुशाल करावा. जो मनुष्य वासराच्या तोंडचा चीक विकतो व महिन्यानें त्याच वासरासाठीं जीवनसत्त्वाचे थेंब विकत आणतो, त्याच्या जमाखर्चाची तपासणी कोणीं करावी ?

आतां त्या बाटल्यांविषयीं. सर्वांत अधिक खपतें तें कॅल्शियम, ड-३ व ब-१२ यांचें पातळ टॉनिक. यांतील ब-१२ गाईच्या पोटांतील जंतू स्वतः बनवितात. त्यास त्यांना कोबाल्ट नांवाचा क्षार अत्यल्प प्रमाणांत लागतो, व तो साध्या क्षारमिश्रणांत असतो. शिवाय तोंडावाटें पाजलेल्या ब-१२ चा पुष्कळ भाग कोटीपोटांतच नाश पावतो. ड-३ दिवसांतून कांहीं तास गाय उन्हांत बांधल्यानें मिळतें. राहिलें कॅल्शियम. एक लिटर दुधांतून सुमारें सव्वा ग्रॅम कॅल्शियम बाहेर जातें, म्हणजे दहा लिटरच्या गाईच्या अंगांतून रोज बारा ग्रॅम. बाटलीवरचा बारीक छापलेला आंकडा भिंगानें वाचून पाहावा. कांहींवर शंभर मिलिलिटरांत दीड-दोन ग्रॅम एवढाच असतो. उलट मानकाप्रमाणें बनविलेल्या क्षारमिश्रणांत पंचमांश कॅल्शियम असतें. पन्नास ग्रॅम आंबोणांत टाकलें कीं दहा ग्रॅम मिळालें, आणि त्याबरोबर फॉस्फरस, तांबें, जस्त व तें कोबाल्टहि. गाय माजावर न येणें किंवा वारंवार उलटणें यांतहि अनेकदां क्षारांची व एकंदर पोषणाची तूट असते. तिला जीवनसत्त्वाचें नांव देऊन भागत नाहीं. आणखी एक धोका आहे. विण्यापूर्वींच्या दोन-तीन आठवड्यांत कॅल्शियम भरपूर पाजल्यास शरीर हाडांतून कॅल्शियम काढण्याची संवय सोडतें, व व्याल्यावर तीच गाय दुग्धज्वरानें आडवी होते.

कोणी म्हणेल कीं, ही गणना गांवठी गाईची झाली. वीस-पंचवीस लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईचें काय? हा आक्षेप वाजवी आहे. तशा गाईचें शरीर सारखें ताणलेलें असतें व तेथें कांहीं पूरकांचा गुण चाचण्यांत दिसून आलेला आहे. बायोटीन रोज वीस मिलिग्रॅम कित्येक महिने दिल्यानें खुरें सुधारतात. महिने म्हणण्याचें कारण, खूर नखासारखें सावकाश वाढतें, आठ दिवसांत फरक पाहणाऱ्यानें तें घेऊंच नये. भाकड काळांत, हिरवी वैरण नसतां, रोज सुमारें १००० एकक ई जीवनसत्त्व सेलेनियमच्या जोडीनें दिल्यास वार अडकणें व काससुजी यांचें प्रमाण कमी होतें. परंतु हजारानें गुण येतो तर तीन हजारानें तिप्पट येईल, असें मानणाऱ्यांनीं नेदरलंडांत झालेली चाचणी लक्षांत घ्यावी. तिचे निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाले. भाकड गाईंना रोज ३००० एकक ई दिलें असतां काससुजी घटण्याऐवजीं वाढली.

ब गटांतील बहुतेक जीवनसत्त्वें जास्त झालीं तर लघवीवाटें निघून जातात. नुकसान खिशाचें होतें. अ व ड यांचें तसें नाहीं. तीं चरबींत विरतात व अंगांत सांठतात. ड जीवनसत्त्व अति झालें म्हणजे रक्तांत कॅल्शियम वाढतें व मूत्रपिंड, रक्तवाहिन्या, हृदय यांत चुना बसूं लागतो. जनावर खाणें टाकतें, वाळतें व मरतें. अमेरिकेंत २०१८ च्या अखेरीस व २०१९ च्या आरंभीं कुत्र्यांचें तयार खाद्य कित्येक कंपन्यांस परत मागवावें लागलें, कारण त्यांत ड जीवनसत्त्व ठरलेल्यापेक्षां कित्येक पट अधिक निघालें. एका प्रकरणांत चूक पुरवठादारानें दिलेल्या जीवनसत्त्वांच्या मिश्रणांतच होती. तिकडे नमुने तपासून तें उघडकीस आलें. आपल्याकडे पशुखाद्यानें जनावर दगावलें तर तें सर्पदंशानें किंवा दृष्टीनें दगावलें असेंच बहुधा ठरतें. मेंढ्या राखणाऱ्या बांधवांसाठीं येथेंच एक सूचना करून ठेवतों. गाईंचें क्षारमिश्रण मेंढ्यांस घालूं नये. त्यांतील तांबें गाईस पचतें, मेंढीच्या यकृतांत तें सांठत जाऊन एके दिवशीं विष होतें.

कोंबड्यांचा न्याय अगदीं वेगळा आहे. अंगणांत हिंडणारी कोंबडी पाला, किडे व ऊन यांवर आपली गरज बव्हंशीं भागविते. परंतु पिंजऱ्यांत वा बंद शेडमध्यें ठेवलेल्या पक्ष्यास ना ऊन, ना पाला, ना कोटीपोट. मालक जें देईल तेंच त्याचें जग. तेथें पूरक जीवनसत्त्वें मिसळलींच पाहिजेत, यांत वाद नाहीं. ब-१ न मिळाल्यास पिलूं मान मागें टाकून आकाशाकडे पाहत राहतें. ब-२ न मिळाल्यास पायांचीं बोटें आंत वळतात. ई नसल्यास तोल जाऊन भेलकांडतें. ड-३ नसल्यास अंड्याचें कवच पातळ येतें. मात्र रक्ती हगवणीवर ॲम्प्रोलियम चालूं असतां उत्साहानें ब-१ पाजूं नये. तें औषध ब-१ ची वाट अडवूनच त्या जंतूस मारतें. दोन्ही एकदम दिल्यास औषध लुळें पडतें.

जीवनसत्त्वाच्या नांवाखालीं दुसरें कांहीं येत नाहीं ना, हेंहि पाहणें जरूर आहे, आणि या घोटाळ्याचें मूळ फार जुनें आहे. ब-१२ हें १९४८ सालीं वेगळें काढण्यांत आलें. त्याच सुमारास अमेरिकेंत ऑरिओमायसिन बनविल्यावर उरलेला चोथा ब-१२ साठीं म्हणून कोंबड्यांस घातला, तों त्या ब-१२ च्या हिशेबापेक्षां पुष्कळ अधिक वाढल्या. ती करामत चोथ्यांत राहिलेल्या प्रतिजैविकाची निघाली. तेव्हांपासून वाढीसाठीं प्रतिजैविकें खाद्यांत घालण्याची चाल पडली. युरोपीय संघानें ती २००६ सालीं पूर्ण बंद केली. आपल्या सरकारनें २०१९ सालीं कोलिस्टिन हें औषध खाद्याच्या जनावरांत वापरण्यास मनाई केली, कारण माणसावरील असाध्य संसर्गांत वैद्यांच्या हातीं उरलेल्या शेवटच्या कांहीं औषधांपैकीं तें एक आहे. ज्या पुडीवर घटकांचीं नांवें नाहींत व ‘वाढ झपाट्यानें’ एवढेंच वचन आहे, तिच्यापासून दूर राहावें.

चांगला मालहि आपल्या हातीं खराब होतो. अ जीवनसत्त्व हवा, ऊष्णता व प्रकाश यांनीं नासतें. तांबें, लोह, जस्त यांच्या क्षारांबरोबर महिनोन्महिने एकाच पिशवींत राहिल्यास अधिकच लवकर नासतें, आणि कोलीन क्लोराइड हवेंतील ओल ओढून घेऊन त्यास साह्य करतें. तेव्हां क्षार व जीवनसत्त्वें वेगळीं ठेवावीं, लहान पिशव्या घ्याव्या, व पावसाळ्यांत उघडी पिशवी पत्र्याच्या डब्यांत घट्ट बंद करावी. मिसळतांनाहि धसमुसळेपणा नको. क्विंटलास कांहीं ग्रॅम पडणारी पूड ढिगावर शिंपडून फावड्यानें दोनदां वरखालीं केली म्हणजे मिसळली असें होत नाहीं. प्रथम ती एक किलो कोंड्यांत चोळावी, तो कोंडा दहा किलो भरड्यांत, आणि तो भरडा मग सबंध ढिगांत. नाहींतर एका गाईच्या वांट्यास कांहींच येत नाहीं व दुसरीच्या वांट्यास महिन्याचें एका दिवशीं येतें.

किमतीविषयीं एवढेंच कीं, ही द्रव्यें जगांतील मोजक्याच कारखान्यांत बनतात. त्यांतील मोठ्या कंपन्यांनीं संगनमतानें भाव ठरविल्याचें उघडकीस येऊन अमेरिकेंत १९९९ सालीं हॉफमन-ला रोश या कंपनीस ५० कोटी डॉलर व बी. ए. एस. एफ. या कंपनीस २२.५ कोटी डॉलर दंड झाला; २००१ सालीं युरोपीय आयोगानें आठ कंपन्यांवर मिळून ८५ कोटी युरोंहून अधिक दंड बसविला. २०१७ च्या अखेरीस जर्मनींतील लुडविग्जहाफेन येथील एका कारखान्यास आग लागली तर जगभर अ जीवनसत्त्वाचे भाव अनेक पटींनीं चढले. माल एवढा महाग झाला म्हणजे पुडींत तो कमी घालण्याचा मोह कोणास होणार नाहीं ? नुसत्या चवीनें किंवा वासानें तो ओळखतां येत नाहीं. सरकीच्या पेंडींत माती असली तर दांताखालीं कळते. येथें तें साधन नाहीं.

म्हणून संघाच्या व्यवस्थापक मंडळापुढें आम्ही कांहीं मागण्या ठेवीत आहों. ज्या बाटलीवर वा पिशवीवर प्रत्येक जीवनसत्त्वाचें प्रमाण, बनविल्याची तारीख व मुदत छापलेली नाहीं, ती भांडारांत ठेवूं नये. बेरीज नसलेली पावती कोणी कारकून दप्तरास लावीत नाहीं. हा मजकूर मराठींत असावा, कारण गोठ्याचें काम ज्यांच्या अंगावर पडतें त्या आमच्या बहुतेक भगिनींस इंग्रजी वाचतां येत नाहीं. तयार पशुखाद्य भारतीय मानक ब्युरोच्या आय. एस. २०५२ प्रमाणें व क्षारमिश्रण आय. एस. १६६४ प्रमाणें असलेलेंच घ्यावें. टॉनिकावर भांडारास मिळणारी अडत पेंडीवरील अडतीपेक्षां किती अधिक आहे, हें येत्या सर्वसाधारण सभेंत सभासदांस सांगावें. मंडळींतील कित्येक आमचे स्नेही आहेत व त्यांस हा प्रश्न रुचणार नाहीं, तरी तो विचारणें भाग आहे. आणि लसूणघास व हत्तीगवताचीं बेणीं भांडारानें पुढल्या हंगामापूर्वीं आणून ठेवावींत.

नमुने तपासण्याची सोय आणंद येथें राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या प्रयोगशाळेंत आहे. भांडारांत सध्यां शिल्लक असलेल्या प्रत्येक प्रकारच्या मालाचा एक मोहोरबंद नमुना या महिन्यांत तिकडे पाठवावा, खर्च टॉनिकावरील नफ्यांतून करावा, आणि छापील आंकडा व तपासणींतील आंकडा शेजारीं शेजारीं या मासिकाच्या पुढील अंकांत द्यावा. तेवढी जागा संपादक खचित देतील.